अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाची नोंद

मंगळवार, ४ मार्च

पक्कं झालं. नव्या मैदानाच्या पूर्वेकडच्या स्टँडला डावीचं नाव देणार. आठवडाभर नुसती कुजबुज होती. आज सकाळी साडेदहाला आमच्या फुटबॉल संघटनेच्या सचिवसाहेबांनी माझ्या टेबलापाशी येऊन स्वतः सांगितलं. कार्यकारिणीत विरोधात एकही हात वर झाला नाही म्हणे.

"घरचीच माणसं तुम्ही. आनंद झाला असेल ना?"

"खूपच," मी म्हटलं.

मग त्यांनी लगेच कामही दिलं. स्टँडखाली बसवायच्या फलकाचा मजकूर मी लिहायचा. माझ्याइतकी माहिती कुणाला आहे?

हे मात्र खरं आहे. महिला राष्ट्रीय संघाच्या पहिल्या सामन्यापासूनच्या नोंदी माझ्या कपाटात आहेत. वीस वर्षं, सत्त्याऐंशी आंतरराष्ट्रीय सामने. त्यांतले बासष्ट डावी खेळली आणि एकतीस गोल केले. संघाचा पहिला गोल तिचा, पहिला विजय तिच्यामुळे आणि सर्वांत जास्त गोलही तिचेच. फलकावर याच तीन गोष्टी येणार. माझी त्या संघात नऊ वेळा निवड झाली होती. माझ्या नावापुढे ‘सामने’ या रकान्यात शून्य आहे. ते शून्य टाइपही मीच केलंय.

घरी पोचले तोवर बातमी पोचली होती. आई रडत होती. दादाने चष्म्याचं दुकान लवकर बंद केलं. डावी ओट्यापाशी कांदा चिरत होती, मी म्हटलं, "अभिनंदन." ती म्हणाली, "अगं, जिवंत माणसाचं नाव देतात का कुठे? मला तर वाटतंय डॉक्टरांनी यांना काहीतरी सांगितलंय आणि मला सांगितलं नाही." सगळे हसले. मीही हसले.

ती माझी वहिनी आहे; डावी हे तिचं संघातलं नाव, डाव्या पायाने खेळायची म्हणून. या घरात तिला मीच आणली. एकदा सरावाहून येताना पाणी प्यायला वर बोलावलं आणि दादाने ग्लास भरून दिला. एवढंच निमित्त. आई अजून म्हणते, तिला वहिनी म्हण. ती माझ्याहून वर्षाने लहान आहे. मी ‘अगं’ म्हणते.

बुधवार, ५ मार्च

दिवसभर यादी. आंतरराष्ट्रीय महासंघाने सगळ्या सामन्यांचे मूळ कागद मागवलेत. शुक्रवार, २१ तारीख ही शेवटची मुदत. ते तपासतील आणि मान्य करतील ती यादी कायमची. नंतर त्यात काना-मात्रा बदलायचा नाही.

बहुतेक सामन्यांची मॅच शीट सापडली. अकरा खेळाडू, बदली खेळाडू, गोल, मिनिटं, खाली पंचाची सही, असा तो कागद. पहिला सामना एका स्पर्धेतला, ०-९. दुसरा ०-१२, तोही त्याच स्पर्धेत, तीन दिवसांनी. तेव्हा आम्हाला पुरुषांच्या संघाचे जुने शर्ट दिले होते. माझा अठरा नंबरचा शर्ट गुडघ्यापर्यंत यायचा. अठरा जणींत मी अठरावी, म्हणून पोरींनी माझं नाव ‘शिल्लक’ ठेवलं. "सतरा जणी बसमध्ये चढल्या, शिल्लक कुठाय?" ते नाव डावी अजून वापरते.

तिसरा सामना शेजारच्या देशात, मैत्रीपूर्ण. ३-१. आमचा पहिला विजय. तिन्ही गोल डावीचे.

त्या सामन्यात मी खेळले. हे कुठेही लिहिलेलं नाही म्हणून इथे लिहिते. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला डावीच्या पोटरीत गोळा आला, ती डावा पाय धरून लंगडत बाहेर आली आणि सरांनी मला आत पाठवलं. पण माझ्याकडे पाहिलं कुणी? ते चार-पाचशे लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते त्या तिच्यासाठी. बाहेर येतानाही तिने वाजवून घेतल्या. मी आत गेले, एकदा चेंडू डोक्याने परतवला, एकदा माझ्या अंगावर आपटून तो बाहेर गेला, आणि शिट्टी झाली. संध्याकाळी बसमध्ये डावी सीटवर उभी राहून नाचत होती. पाय एवढा दुखत होता, तरी मिरवायची हौस फिटली नव्हती.

आमच्याकडे त्या सामन्याच्या शीटची फक्त झेरॉक्स आहे. तिच्यावर बदली खेळाडूंसाठी सहा ओळी आहेत. सहा नावं आहेत. माझं नाही. मी दोनदा अर्ज केला होता. आधीचे सचिव म्हणाले होते, "कागदावर नाही ते झालं नाही." डावी माझ्याबरोबर आली होती तेव्हा, त्यांच्या टेबलावर मूठ आपटून भांडली. उपयोग एवढाच झाला, की सचिवांना भांडणारी लक्षात राहिली.

आज शेजारच्या देशाच्या संघटनेला पत्र पाठवलं. त्यांच्याकडची मूळ प्रत स्कॅन करून पाठवा म्हणून.

शनिवार, ८ मार्च

घरात रीघ लागलीय. खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर आले, गिरणीवाली आली. गिरणीवालीने मला विचारलं, "तुम्ही कप्तानच्या नणंद ना?" या इमारतीत माझा जन्म झालाय. डावी इथे येऊन पंधरा वर्षं झाली.

दुपारी नऊ नंबर आली. हल्लीच्या संघात आघाडीला खेळणारी, वय बावीस, एकोणतीस गोल. गेल्या वर्षी खंडाच्या स्पर्धेच्या मुख्य फेरीत आपण पहिल्यांदा गेलो ते तिच्याच गोलवर. डावी खेळणं सोडून आता चार वर्षं मुलींना शिकवते. ही तिचीच पहिली शिष्या. दोघी गॅलरीत बसून पाय लांब करून बोलत होत्या.

"ताई, अजून तीन. मग तुम्ही दुसऱ्या."

"तीन काय, तीस कर. पण माझ्या हयातीत कर. स्टँडवर बसून तुला शिव्या द्यायच्यात."

"स्टँड तुमचाच आहे. तुमच्याच स्टँडवर तिकीट काढून बसणार?"

"मग काय, भाडं वसूल करू?"

मी चहा नेला. नऊ नंबर पटकन उभी राहिली, "मावशी, तुम्ही कशाला!" तिला ठाऊकच नव्हतं की मीही कधी संघात होते. ताई आणि मावशी. एका वर्षाचं अंतर.

रात्री जेवताना भाचीने विचारलं, "आत्या, तू किती मॅच खेळलीस?" दादा पाण्याचा ग्लास बघत बसला. आई म्हणाली, "तुझी आत्या अभ्यासात हुशार होती." डावी म्हणाली, "एक खेळलीय. आणि एक हेडर मारला होता, असा." तिने मान वळवून दाखवली. नक्कल अगदी बरोबर होती. सगळे पुन्हा हसले.

माझ्या पोटात दुखतं, हे मला कळतं. औषध मात्र ठाऊक नाही.

सोमवार, १० मार्च

आलं!

साडेअकराला ईमेल. एक ओळ: दोन्ही बाजू जोडल्या आहेत. दोन्ही बाजू! मी पुढचं पान उघडलं. तेच, आमच्या झेरॉक्सवरचं, सहा ओळी, सहा नावं. मग मागचं. कोऱ्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात, चौथ्या पंचाच्या अक्षरात, निळ्या शाईत: ८८ मि. — बाहेर ११, आत १८. आणि पुढे माझं पूर्ण नाव. आडनावात एक चूक आहे. असू दे.

फॉर्मवर ओळी सहाच होत्या म्हणून त्याने सातवी मागे लिहिली, आणि आमच्याकडच्या कुणीतरी पुढच्याच बाजूची झेरॉक्स काढली. वीस वर्षं मी एका पानाच्या मागे बसले होते.

उठून खिडकीपाशी गेले. खाली मैदानावर रोलर फिरत होता. कुणाला तरी सांगावंसं वाटलं. सांगावं असं पहिलं नाव डोक्यात आलं ते डावीचं, याचा रागही आला.

दुपारी जेवण झाल्यावर यादीत नोंद करायला बसले. ‘बदली: ७’ असा आकडा टाइप केला आणि हात थांबला.

सात.

मैत्रीपूर्ण सामन्यात सहापेक्षा जास्त बदली खेळाडू उतरवले, तर तो सामना आंतरराष्ट्रीय म्हणून धरला जात नाही. हा नियम आम्ही पहिला सामना खेळलो त्याच्या आधीपासूनचा आहे. नव्या कारकुनांना मीच शिकवते. सामना झाला हे खरं, पण तो सरावाच्या सामन्यासारखा. ना विजय नोंदीत, ना गोल, ना खेळाडूंच्या नावापुढे तो सामना.

म्हणजे मी खेळले हे सिद्ध करणारा कागदच सांगतो, की माझ्या खेळण्याने तो सामनाच मोजता येत नाही. मी होते तर सामना नाही. सामना आहे तर मी नाही.

पुढचा विचार आपोआप आला. डावीचे तीन गोल जातात. एकतीसचे अठ्ठावीस. नऊ नंबरचे एकोणतीस. सर्वाधिक गोल, गेलं. पहिला विजय, गेला; आता पहिला ठरेल तो दोन वर्षांनंतरचा, २-१, त्यात डावी आजारी होती. पहिला गोल, गेला. मी मुद्दाम पाहिलं: चौथा सामना १-६, आणि तो एक गोल त्यांच्याच बचावपटूने स्वतःच्या जाळ्यात मारलेला. आपल्या संघाचा पहिला गोल आपल्या कुणी केलेलाच नाही, असं ठरेल. फलकावरच्या तिन्ही ओळी गेल्या.

मला आनंद झाला. दोन-तीन मिनिटं निखळ आनंद. ही वही कुणी वाचत नाही, म्हणून लिहून ठेवते.

मंगळवार, ११ मार्च

कुणाला काही बोलले नाही. डावीने माझा डबा भरून ठेवला होता. वर चिठ्ठी: ‘वन्सं, झाकण सैल आहे, उभा धरा.’

गुरुवार, १३ मार्च

सरांना फोन केला. आमचे पहिले प्रशिक्षक. आता वय अठ्ठ्याहत्तर, ऐकू कमी येतं, बाकी सगळं लख्ख. मला एकच विचारायचं होतं: नियम ठाऊक असताना त्यांनी सातवी म्हणून मला आत पाठवलं ते का? माझी एक समजूत होती. नऊ वेळा संघात घेऊन बाकावर बसवलं, एकदा तरी हिला न्याय द्यावा असं त्यांच्या मनात आलं असेल.

"सातवी?" सर ओरडले. "मी कशाला पाठवतोय सातवी! मी सहा मोजून बसलो होतो."

"मग मी गेले कशी?"

"ती तुमची डावी. आपणच लंगडत बाहेर आली, बाकावर बसली आणि बूट काढून मोकळी. मी म्हटलं, बाई, दोन मिनिटं राहिलीत, नुसती उभी राहा आत. तर म्हणे जमत नाही, हिला पाठवा. तुझ्याकडे बोट."

"आणि तुम्ही पाठवलंत."

"दहा जणींनी खेळलो असतो तरी जिंकलोच असतो. तेच करायला हवं होतं. पण तू एव्हाना उभी राहून शर्ट खोचत होतीस. तुझं तोंड बघून माझ्याच्याने नाही म्हणवेना. घोटाळा केला मी. बोललो नाही कुणाला. तू तरी कुठे बोलतेयस?"

मी म्हटलं, नाही.

म्हणजे सरांनीही मला निवडलं नव्हतं. वीस वर्षं मी ती एक गोष्ट उराशी धरून होते. तिला पाय दुखतोय म्हणून बसायचं होतं, आणि बसायचं ते कप्तानीच्या रुबाबात, सरांना हुकूम सोडून. माझ्या वाट्याला आलेली दोन मिनिटंही तिच्या लहरीवर आली होती. आणि अशी हट्टी, की बूटसुद्धा काढून टाकले, म्हणजे परत जायचा प्रश्नच नको.

आज घरी तिच्याशी धड बोलले नाही. आई म्हणाली, "तुझं काय बिनसलंय?" म्हटलं, डोकं दुखतंय. डावीने गोळी आणून दिली.

सोमवार, १७ मार्च

फलकाचा मजकूर सचिवसाहेबांना दाखवला. चांगला झालाय. तिच्यावर लिहायला बसले की माझी वाक्यं चांगलीच होतात, याचं मलाच नवल वाटतं. त्यांनी एक शब्द बदलला, ‘धडाडीची’च्या जागी ‘तेजस्वी’. मी म्हटलं, तेजस्वी दिवा असतो. ते म्हणाले, बरं, राहू द्या.

मग यादीचं विचारलं. मी म्हटलं, कागद स्कॅन करतेय, बरीच पानं आहेत.

"पुढच्या बाजूच पाठवा हो. मागे काय असतं, चहाचे डाग. फाइल उगाच जड होते."

त्यांना काही ठाऊक नाही. सहज बोलले. पण माझ्यासाठी रस्ता मोकळा करून गेले. एक बाजू पाठवली तर कुणी विचारणार नाही. सामना राहील, विजय राहील, डावीचे एकतीस राहतील, माझं शून्य राहील. मला कुणी खोटारडी म्हणणार नाही. कारण मी काहीच म्हटलेलं नसेल.

दोन्ही बाजू पाठवल्या तर? डोळ्यांपुढे आणून पाहिलं. नणंदेने भावजयीचा स्टँड पाडला. गिरणीवाली दळता दळता सांगेल. आई जेवायची नाही. आणि ज्या पोरी त्या दिवशी मैदानावर होत्या, त्यांची पहिली जीतही जाईल. त्यांनी माझं काय वाकडं केलंय? डाव्या बचावाला खेळायची ती आता दाई आहे. अजून दरवर्षी त्या तारखेला सगळ्यांना ‘३-१’ एवढाच मेसेज टाकते.

आणि या सगळ्यातून मला मिळणार काय? शून्यच. फरक एवढाच, की आता ते कागदासकट असेल.

तरी हात जातो तो दोन्ही बाजूंकडेच. खरेपणासाठी जातो की तिच्या गोलांसाठी, हे मला ठरवता येत नाही. कारकून म्हणून माझं काम सोपं आहे. नणंद म्हणून माझ्यावर माझाच विश्वास नाही.

बुधवार, १९ मार्च

सांगितलं. गच्चीवर कपडे काढायला गेलो होतो. तिने चादरीचं एक टोक धरलं, मी दुसरं. घडी घालताना म्हटलं, "त्या पहिल्या जिंकलेल्या मॅचची शीट आलीय. मागच्या बाजूला माझं नाव आहे."

तिने चादर सोडली. धावत येऊन मला मिठी मारली. इतक्या जोरात, की चष्मा वाकडा झाला. "शिल्लक! अगं, म्हटलं होतं ना मी! त्या टकल्या सचिवाला म्हटलं होतं ना!" मग ती मागे झाली आणि तिचा चेहरा बदलला. मला काही सांगावं लागलं नाही.

"सात," ती म्हणाली.

"तुला ठाऊक होतं?"

"तेव्हा कुठलं! प्रशिक्षकाच्या कोर्सला कळलं, अकरा वर्षांपूर्वी. नियम वाचून दाखवत होते आणि मी बोटं मोजत होते. दोनदा मोजली." ती पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसली. "त्या दिवसापासून वाटायचं, हा कागद सापडू नये. आणि तू फाइल उचकताना दिसलीस की वाटायचं, हिला सापडू दे बाबा. दोन्ही खरं आहे. मारायचं तर मार."

मी मारलं नाही. मी विचारलं, "सर म्हणाले तू आपणच बाहेर आलीस. बूट काढून बसलीस. का?"

"पाय."

"कुठला?"

"उजवा. पोटरीत गोळा."

"डावा धरला होतास."

"मग डावा असेल." ती हसायला लागली. "वीस वर्षं झाली, वन्सं. दुखला कुठलातरी."

तिला धड आठवतही नाही. माझ्या आयुष्यातली ती दोन मिनिटं, आणि हिला पाय कुठला तेसुद्धा लक्षात नाही! एवढं होतं ज्यांच्याकडे, त्यांचं असंच असतं. सांडलेलंही दिसत नाही.

मी म्हटलं, "दोन्ही बाजू पाठवल्या तर तुझं सगळं जाईल."

"सगळं नाही. अठ्ठावीस राहतात."

"स्टँड जाईल."

तिने पडलेली चादर उचलली. चादरीवरचा कचरा झटकत राहिली. शेवटी म्हणाली, "मला तो स्टँड हवाय गं. उगाच साधेपणा कशाला करू? परवा एकटी जाऊन बघून आले. सहाव्या रांगेत बसले होते." आणि मग, "मला उद्यापर्यंत वेळ दे."

तिला काही हवं आहे आणि ते मिळणार नाही, असं मी पहिल्यांदाच पाहिलं. मला जसं वाटेल असं वाटलं होतं, तसं वाटलं नाही.

गुरुवार, २० मार्च

सकाळी मी चपला घालत होते. डावी दारात आली, हातात भाचीची वेणी, वेणीसकट भाची.

"पाठव. दोन्ही."

"विचार केलास?"

"रात्रभर. तुझ्या दादाला विचार, मी लाथा मारत होते." मग हळू म्हणाली, "तू खेळलीस ते मी पाहिलंय. मी बाकावरून पाहिलं. दुसरं काय करत होते तेव्हा?"

ऑफिसला जाताना सगळ्या वाटेने चिडचिड होत राहिली. निर्णय माझा होता. कागद माझ्या कपाटातला, नाव माझं, दहा दिवस झोप माझी उडाली, आणि शेवटी मोठेपणा घेऊन गेली ती. मी आधी पाठवायला हवं होतं, तिला न विचारता. म्हणजे निदान चांगलं किंवा वाईट जे असेल ते माझं झालं असतं.

दुपारी फलकाचा मजकूर पुन्हा काढला. तीन ओळी खोडल्या. खाली काय उरतं ते पाहिलं. ‘बासष्ट सामने’ — आता एकसष्ट. ‘अठ्ठावीस गोल’. ‘पंधरा वर्षं राष्ट्रीय संघात, त्यांतली अकरा कप्तान’. हेही काही थोडं नाही. माझं मत विचाराल तर स्टँडला एवढं पुरतं. पण कार्यकारिणीला ‘पहिली’ आणि ‘सर्वाधिक’ हे शब्द लागतात.

शुक्रवार, २१ मार्च

चार वाजून दहा मिनिटांनी पाठवलं. सत्त्याऐंशी सामन्यांचे कागद. त्यांतला तिसरा दोन्ही बाजूंनी. सोबतच्या पत्रात मी लिहिलं: ‘सामना क्र. ३ मध्ये सात बदली खेळाडू उतरले होते. आमच्या प्रतीत मागची बाजू नव्हती. सातवी खेळाडू प्रस्तुत पत्राची लेखिका आहे.’ शेवटचं वाक्य नियमाप्रमाणे लागत नाही. दोनदा काढलं, दोनदा घातलं. राहू दिलं.

फोन करून डावीला सांगितलं. मागून मुलींचा आरडाओरडा ऐकू येत होता, ती सराव घेत होती. म्हणाली, "बरं झालं." मग कुणावर तरी ओरडली, "अगं, डोकं वापर, डोकं!" आणि पुन्हा मला, "आईंना मी सांगते. रविवारी, जेवण झाल्यावर. उपाशीपोटी नको." मी म्हटलं, चालेल. दाईला आणि बाकीच्या पोरींना मी कळवायचं ठरलं. त्यांना लिहायला बसले होते, दोन ओळींच्या पुढे सरकत नाहीये. ‘आपण जिंकलो होतो’ इथपर्यंत लिहिलंय.

महासंघाचं उत्तर यायला दहा दिवस लागतात. ते काय येणार, हे मला ठाऊक आहे: अधिकृत सामने शहाऐंशी, आणि खाली वेगळ्या मथळ्याखाली एक सामना, ३-१, अठरा जणींच्या नावांसकट. तिथे माझ्या नावापुढे शून्य नसेल. तिथे रकानेच नसतात. नऊ नंबरला बातमी कळेल आणि ती रडेल, कारण तिला तिसरा गोल मारून पुढे जायचं होतं, असल्या कागदामुळे नाही. कार्यकारिणी पुन्हा बसेल. स्टँडचं काय होईल, सांगता येत नाही. डावी म्हणते, तो आपल्या नावाचा नाहीच होणार. मला वाटतं, होईल. आणि झालं तर पुन्हा माझ्या पोटात दुखेल, हेही दिसतंय.

त्याआधी सोमवार. सचिवसाहेब साडेदहाला येतात. डावी म्हणाली, मी येते, मी बोलते. मी तिला अकराला यायला सांगितलंय. साडेदहाला मी एकटी जाणार. ते आधी कागद उलटून पाहतील, मग माझ्याकडे पाहतील, आणि विचारतील की हे तुम्ही तिच्यावर जळून केलंत का. कुणीही विचारेल. उत्तर मी ठरवून ठेवलंय: हो, तेही आहे. पण अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला मी आत गेले होते.